आवाज येतात? हो? चला, पुढचा!

मनोविकाराच्या ओपीडीत एक प्रश्न ठरलेला असतो. "कानात आवाज येतात का?" दवाखाना सरकारी असो की खासगी, टेबलापलीकडे प्राध्यापक असो नाहीतर काल रुजू झालेलं पोरगं असो, प्रश्न हाच आणि शब्दही हेच. आता हे वाक्य जरा निरखून बघा. कानात आवाज कुणाला येत नाहीत? मळ साठलेल्याला येतात, बहिरेपणाकडे झुकलेल्याला येतात, तीस वर्षं यंत्रमागापुढे उभं राहिलेल्याला मरेपर्यंत येतात. माझ्यासमोर एका आजींनी या प्रश्नाला खणखणीत उत्तर दिलं, "येत्यात की! रातकिड्यावानी किर्र करतंय रातभर." टेबलापलीकडच्या पोराने मान वर न करता केसपेपरवर काहीतरी खरडलं. बाहेर आल्यावर आजींच्या मुलाने कागद माझ्यापुढे धरला, "ताई, काय लिवलंय बघा जरा." लिहिलं होतं ए.एच. आणि पुढे अधिकचं चिन्ह. ए.एच. प्लस. ऑडिटरी हॅल्युसिनेशन, म्हणजे श्रवणभ्रम, आहे.

आजींचे कान वाजत होते. एवढंच.

हे 'प्लस' मला तोंडपाठ आहे. माझ्या थोरल्या भावाच्या केसपेपरवर ते अकरा वर्षं दर महिन्याला उमटलं. लघवीत साखर प्लस, थुंकीत जंतू प्लस, तसा माणसात आवाज प्लस. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सातला आम्ही नंबर लावायचो, साडेअकराला आत जायचो. मग हे व्हायचं:

"झोप?"

"लागते."

"जेवण?"

"ठीक."

मग डॉक्टर माझ्याकडे वळायचे. "यांना आवाज येतात का हो अजून?"

"येतात."

"मारा, मरा, असं काही सांगतात का यांना?"

"नाही म्हणतो."

"तेच चालू ठेवा. पुढचा!"

मी घड्याळ लावून बघितलंय. चार मिनिटं. आणि त्या चार मिनिटांतली दोन दादा समोर बसलेला असताना त्याच्याबद्दल माझ्याशी बोलण्यात जायची. आता गंमत ऐका. कुर्ट श्नायडर नावाच्या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने स्किझोफ्रेनियाच्या 'पहिल्या दर्जाच्या लक्षणां'ची एक यादी करून ठेवली आहे. गेली कित्येक दशकं ती वैद्यकीच्या पोरांकडून घोकून घेतली जाते. त्या यादीतलं एक ठळक लक्षण कोणतं? रुग्णाच्या देखत, त्याच्याबद्दल, तृतीयपुरुषी एकवचनात आपसात बोलणारे आवाज! 'तो आता जेवतोय, तो आता निघाला.' अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत २०१३ पर्यंत अशा आवाजांना एवढा मान होता की लक्षणांच्या निकषाला हे एकटं पुरायचं, दुसरं लक्षण शोधायची गरज नव्हती. म्हणजे माणसाच्या तोंडावर त्याच्याबद्दल 'हा झोपतो का, हा जेवतो का' असं न दिसणारं कुणी बोललं तर तो रोग, आणि पांढरा कोट घालून बोललं तर ती तपासणी. अकरा वर्षं दादाने हे दोन्ही ऐकलं. दोघांपैकी एकानेही त्याला त्याचं मत विचारलं नाही.

आवाज काय म्हणतो, हे का विचारत नाहीत? मला वाटायचं, वेळ नसेल. तसं नाही. या न विचारण्यामागे एक शास्त्र आहे! पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलंय की आशयात शिरू नका, रुग्णाशी आवाजांबद्दल बोललात की भ्रमाला खतपाणी मिळतं, विषय बदला. मलाही पहिल्याच वर्षी तशी ताकीद मिळाली होती. "ताई, खोलात जाऊ नका. दुर्लक्ष करा, आपोआप जाईल." मीही शहाण्यासारखी गप्प बसले. त्याची मला आज शरम वाटते. शेजारच्या खोलीत कुणी तुमच्या भावाला रात्रंदिवस शिव्या घालतंय, आणि 'कोण घालतंय, काय घालतंय' हे विचारायचं नाही, कारण विचारलं तर शिव्या वाढतील! असल्या सिद्धांताला 'वैज्ञानिक' हे विशेषण कोणी चिकटवलं? हाड मोडलेल्याला 'कुठे दुखतं' विचारल्याने दुखणं वाढतं, असं एखादा अस्थिरोगतज्ज्ञ म्हणाला तर त्याची पदवी काढून घेतील.

शेवटी विचारलं ते एका मुलीने. समाजकार्याच्या अभ्यासक्रमाची, फील्डवर्कला आलेली, बावीस-तेवीस वर्षांची पोरगी. व्हरांड्यातल्या बाकड्यावर ती दादाच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "काका, ते काय म्हणतात हो तुम्हाला?"

दादा पन्नास मिनिटं बोलला. अकरा वर्षांत सलग पन्नास मिनिटं तो कुणाशी बोललेला मला आठवत नाही.

तो एका पतपेढीत वसुली कारकून होता. एका साली हिशोबात रक्कम कमी भरली, संशय त्याच्यावर आला. चौकशी दोन वर्षं चालली. त्या दोन वर्षांत तो बाजारातून गेला की कट्ट्यावरची माणसं बोलायची थांबत. पुढे तो निर्दोष असल्याचं पत्र आलं, पण पत्राच्या चार महिने आधी आवाज येऊन पोचला होता. पुरुषाचा, जाड, डाव्या खांद्यामागून. तो एकच शब्द फिरवून फिरवून बोलतो. चोर. 'चोर उठला.' 'चोराला चहा दिला बघ.' 'चोर देवळात चाललाय.' तो आवाज कोणाचा, हेही दादाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चौकशीच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर ज्याने तो शब्द उच्चारला, त्याचा. कधीकधी, पहाटे, तो 'उडी टाक' असंही म्हणतो. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.

मग 'मरा असं सांगतात का' या प्रश्नाला दादा 'नाही' का म्हणायचा? कारण हो म्हटलं की भरती करतात, हे त्याला पहिल्या वर्षी कळलं होतं. साडेतीन सेकंदांत विचारलेल्या प्रश्नाला माणूस साडेतीन सेकंदांचंच उत्तर देतो. त्या उत्तरावर तुम्ही जिवाच्या धोक्याचं मोजमाप करता?

त्या मुलीने पुढे जे विचारलं ते ऐकून मी जागच्या जागी थिजले. "काका, इतकी वर्षं तो उडी टाक म्हणतोय. मग तुम्ही काय करता?"

"औटकी म्हणतो," दादा म्हणाला.

आमचे वडील जुन्या वळणाचे शिक्षक. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, आम्हा भावंडांकडून त्यांनी रोज संध्याकाळी म्हणवून घेतला. मी कधीच विसरले. दादा विसरला नव्हता. आवाज सुरू झाला की तो ओठांतल्या ओठांत औटकी सुरू करतो. औट, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा. म्हणताना लक्ष जराही हलून चालत नाही, नाहीतर अर्धा निसटतो. तेवढा वेळ आवाजाला वाट मिळत नाही. शंभरी ओलांडेपर्यंत तो बहुतेकदा दमतो. आवाज, दादा नव्हे.

हे त्याने स्वतः शोधून काढलं. कुणाच्या मदतीशिवाय. आणि यात शास्त्र आहे, खरंखुरं. असे आवाज म्हणजे आपलंच अंतर्गत बोलणं, जे मेंदूला आपलं म्हणून ओळखू येत नाही, असं मानणारी एक भक्कम विचारधारा आहे. १९९३ साली लंडनच्या संशोधकांनी आवाज ऐकू येत असतानाच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा त्यांना ब्रोकाच्या भागात, म्हणजे शब्द बनवणाऱ्या भागात, जास्त हालचाल दिसली. तोंड आणि जीभ दुसऱ्या शब्दांत गुंतवली, गुणगुणलं, मोठ्याने वाचलं, आकडे मोजले की अनेकांचे आवाज मंदावतात, हे जुनं निरीक्षण आहे. वडिलांच्या छडीखाली शिकलेली औटकी दादाने पन्नाशीत औषध म्हणून वापरली.

आणि केसपेपरवर काय लिहिलं होतं? 'स्वतःशी पुटपुटतो. प्लस.' ओठ हलतात म्हणून गोळी वाढवली! दोनदा वाढवली. हाताला कंप सुटला, लाळ गळायला लागली, जीभ जड झाली. जीभ जड झाल्यावर औटकी म्हणता येईना. म्हणजे बुडणारा माणूस हातपाय मारतोय, हे बुडण्याचं लक्षण समजून तुम्ही त्याचे हात बांधलेत. 'पुटपुटता का' असं एकदा, फक्त एकदा, विचारलं असतं तर?

पण विचारून उपयोग काय म्हणा, उत्तराला 'इनसाइट' लागते ना! हा शब्द या शास्त्राचा लाडका. आपल्या आजाराची स्वतःला असलेली जाणीव, असा त्याचा भला अर्थ. एक ते सहा अशा तिच्या पायऱ्या आहेत, परीक्षेत विचारतात. व्यवहारात तिचं मोजमाप असं चालतं: रुग्ण डॉक्टरांशी सहमत झाला तर इनसाइट आहे, नाही झाला तर नाही. आवाज येतात म्हणाला तर श्रवणभ्रम. येत नाहीत म्हणाला तर 'लपवतो'. आधी येत होते, आता थांबले, म्हणाला तर औषधाचा गुण. आधी येत होते, मीच थांबवले, म्हणाला तर भव्यतेचा भ्रम! कुठलंही उत्तर द्या, टेबलाच्या पलीकडचा हरत नाही. तर्कशास्त्रात अशा मांडणीला काय म्हणतात ते जाऊ द्या. गल्लीत याला रडीचा डाव म्हणतात.

रडीच्या डावावरून रोझेनहॅन आठवला. डेव्हिड रोझेनहॅन, स्टॅनफर्डचा मानसशास्त्रज्ञ. १९७३ साली 'सायन्स'मध्ये त्याचा लेख आला आणि अमेरिकी मनोविकारशास्त्राची चारचौघांत बेअब्रू झाली. आठ धडधाकट माणसं बारा इस्पितळांत गेली, आवाज ऐकू येतात एवढं एकच खोटं बोलली. आवाज काय म्हणतात? रिकामं, पोकळ आणि 'धप्'! बाकी सगळं खरं सांगायचं, आत गेल्यावर नेहमीसारखं वागायचं, असा बेत. सगळी भरती झाली, एकाखेरीज सगळ्यांना स्किझोफ्रेनियाचं लेबल, सरासरी मुक्काम १९ दिवस, एकाचा तर ५२. वहीत टिपणं काढत बसलेल्या एकाच्या नोंदीत परिचारिकेने 'लेखनवर्तन' हे लक्षणासारखं टिपलं. ही माणसं खोटी आहेत असा संशय आला तो शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांना. डॉक्टरांना नाही!

हा प्रयोग पन्नास वर्षं टाळ्या घेतोय. टाळ्या आता आवरा. २०१९ मध्ये सुझाना कॅहलन या पत्रकार बाईंनी जुनी कागदपत्रं उकरली आणि रोझेनहॅनची लबाडी उघड्यावर आली. तो स्वतः भरती झाला तेव्हाच्या नोंदींत 'धप्'पेक्षा बरंच काही निघालं. आवाज अडवायला कानांवर तांब्याचं भांडं धरतो, जीव द्यावासा वाटतो, असंही त्याने डॉक्टरांना सांगितलं होतं, आणि लेखात ते गाळलं. आठांपैकी बहुतेकांचा तर तिला मागच लागला नाही. म्हणजे मनोविकारशास्त्राचं खोटं पकडणारा स्वतः खोटारडा! मला त्याचं काडीचं कौतुक नाही. पण त्या खोट्यावर या शास्त्राने काढलेला इलाज बघा. निदान पक्कं करायचं म्हणून १९८० साली नव्या निदानपुस्तिकेत याद्या आल्या. अमुकपैकी इतकी लक्षणं, तमुक महिने. गोंधळ कमी झाला, हे मी मान्य करते. दोन डॉक्टरांची निदानं जुळायला लागली, हेही खरं. पण 'धप्' या शब्दावर आठ माणसं आत घेणाऱ्यांना धडा काय मिळायला हवा होता? धप् म्हणजे काय, कधीपासून, तेव्हा तुझ्या आयुष्यात काय चाललं होतं, हे विचारा, हा. त्यांनी धडा घेतला तो चौकटीत खूण करण्याचा.

मोजपट्ट्या आहेत, नाहीत असं नाही. त्यातल्या त्यात बरी म्हणावी अशी १९९९ ची एक इंग्रजी मोजपट्टी आवाजांबद्दल अकरा मुद्दे तपासते. किती वेळा येतो, किती वेळ टिकतो, डोक्यात की बाहेर, केवढा मोठा, किती वाईट बोलतो, किती त्रास होतो, आवरता येतो का. आपल्या चार मिनिटांपुढे ही मोजपट्टी म्हणजे राजवाडा. पण कोणाचा आवाज? त्या वर्षी घरात काय घडलं होतं? याला तिथेही रकाना नाही. डेसिबल विचारतात, नाव विचारत नाहीत.

आता येरवड्याला चला. मराठीत 'याला येरवड्याला पाठवा' म्हटलं की कुठे ते सांगावं लागत नाही, तिथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथेच तुरुंगही आहे. १९३३ साली एप्रिलच्या अखेरीस त्या तुरुंगात गांधीजींना रात्री आवाज ऐकू आला. स्वप्न नव्हे, हे त्यांनी पुढे 'हरिजन'मध्ये स्वतः स्पष्ट केलं. एखादा माणूस बोलावा इतका नि:संदिग्ध आवाज, आणि टाळता येणार नाही असा. त्यावर एकवीस दिवसांच्या उपासाचा निर्णय झाला. ८ मे रोजी उपास सुरू, २९ मे रोजी पुण्यातच पर्णकुटीत समाप्त. आता भरा फॉर्म. आवाज, प्लस. आज्ञा, प्लस. आज्ञा मोडता येते? नाही. जिवाला धोका? प्लस. आवाज खरा होता असं रुग्ण म्हणतो? ठामपणे म्हणतो. इनसाइट, पायरी पहिली!

गांधीजी आजारी होते असं मी म्हणत नाही, आणि कुणी शुद्धीवरचा माणूस म्हणणार नाही. मग फरक काय? चुटकीसरशी उत्तर येतं, तो आतला आवाज होता. वा! गांधीजी स्वतः ऐकल्याचं सांगतात आणि आपण त्यांना समजावतो की तुम्ही ऐकलं नाहीत. फरक निराळा आहे. त्यांना लोकांनी विचारलं. काय ऐकलंत, तो ईश्वराचाच कशावरून, मनाचा खेळ नसेल कशावरून, असं खोदून खोदून विचारलं, आणि त्यांनी उत्तर दिलं. आवाजाचा आशय तपासला गेला, त्याचा त्यांच्या आयुष्याशी, कामाशी असलेला सांधा तपासला गेला. यालाच चिकित्सा म्हणतात. महात्मा असेल तरच ती मिळते, वसुली कारकून असेल तर 'पुढचा'!

सामान्य माणसंही ऐकतात आणि गप्प बसतात. वेल्समधल्या ड्युई रीस नावाच्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा काही ना काही भास झाला होता, तेरा टक्क्यांनी त्याचं बोलणं ऐकलं होतं. बहुतेकांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. आपल्याकडे दहाव्याला कावळा शिवेपर्यंत अख्खं कुटुंब गेलेल्याची इच्छा ओळखत उन्हात उभं राहतं, पण आईला रात्री बाबांची हाक ऐकू आली तर पोरगा दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट घेतो. घ्या, जरूर घ्या, पण आधी बाबा काय म्हणाले ते विचारा.

आणि काय म्हणतात याला महत्त्व आहे, याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. टान्या लुरमन या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई, अशा तीन ठिकाणी प्रत्येकी वीस रुग्णांना बसवून विचारलं. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या रुग्णांचे आवाज बहुतांशी अनोळखी, मारामारीचे, रक्ताचे. चेन्नईतल्या निम्म्याहून जास्त लोकांचे आवाज नात्यातल्यांचे. आंघोळ कर, स्वयंपाक कर, बाजारात जा! रोगाचं नाव तिकडे तेच, इकडे तेच. एकाच्या डोक्यात युद्ध चालू आहे, दुसरीच्या डोक्यात सासू. केसपेपरवर दोघंही ए.एच. प्लस. यांना एकच गोळी, एकच सल्ला, एकच चार मिनिटं?

हॉलंडमध्ये मात्र एका डॉक्टरने हार मानली, आणि त्या हारेतून काहीतरी उभं राहिलं. मास्त्रिख्तचे मारियुस रोम. त्यांची रुग्ण पॅट्सी हागे त्यांच्याशी भांडली की तुम्ही माझे आवाज खरे मानत नाही, म्हणून तुम्हाला माझं काहीच कळत नाही. १९८७ मध्ये दोघं मिळून डच दूरदर्शनवर गेले आणि आवाज ऐकणाऱ्यांना पुढे या म्हणाले. सातशेच्या आसपास लोकांनी संपर्क साधला. त्यातल्या आवाज ऐकणाऱ्या साडेचारशेंपैकी दीडशे जण आवाजांसकट नीट जगत होते! ते कसे जगतात, हे त्या दिवसापर्यंत शास्त्राने विचारलंच नव्हतं, कारण शास्त्राकडे फक्त न जमलेली माणसं यायची. त्यातून रोम आणि सँड्रा एशर यांनी एक मुलाखत तयार केली. आवाज किती, कोणाचे, वय काय, पहिल्यांदा केव्हा, तेव्हा काय घडलं, कशाने चिडतात, तुम्ही काय करता. त्या फील्डवर्कच्या पोरीने हे सगळं वाचलं होतं का, माहीत नाही. तिने विचारलं.

आता दुसऱ्या बाजूच्या शहाण्यांकडे वळते, त्यांना वाटत असेल मी त्यांची. देवऋषी आधी. कटू सत्य सांगते: 'कोण बोलतंय? काय पाहिजे तुला?' हा प्रश्न दादाला डॉक्टरांच्या आधी देवऋषाने विचारला होता. प्रश्न बरोबर, माणूस हरामखोर. उत्तर ऐकायला तो थांबला नाही, कडुनिंबाचा फोक घेऊन पाठ सोलली. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशांसाठीच आहे, तो वापरा. आणि २००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळ साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, हे विसरू नका. दुसरे शहाणे शहरी. आवाज ही देणगी आहे, गोळ्या फेका, अनुभवाला मिठी मारा, असं गोड आवाजात सांगणारे. यांच्या घरी पहाटे चार वाजता 'उडी टाक' ऐकणारं कुणी नसतं. आवाज दारू सुटताना येतात, अपस्मारात येतात, मेंदूच्या सुजेत येतात, झोप उडाल्यावर येतात. तिथे मिठी नको, रक्ततपासणी हवी, लवकर. आणि गोळीने दादाचा ओरडणारा आवाज कुजबुजण्यावर आणला, तेव्हाच त्याला औटकी म्हणायला उसंत मिळाली. योग्य मात्रेतल्या त्या गोळीपुढे मी हात जोडते. माझं भांडण गोळीशी नाही. न ऐकता दिलेल्या गोळीशी आहे.

'वेळ नाही हो ताई!' हे आलंच. खरं आहे, देशात लाख माणसांमागे एक मनोविकारतज्ज्ञही वाट्याला येत नाही. व्हरांड्यात दीडशे माणसं बसलेली असतात, आत दोन डॉक्टर, त्यांचे हालही मी पाहिलेत. त्यांना माणसं द्या, खुर्च्या द्या, समाजकार्यकर्त्यांच्या रिकाम्या जागा भरा, याच्यासाठी मी मोर्चात सगळ्यात पुढे चालेन. पण हिशोब करा. चार मिनिटं, बारा महिने, अकरा वर्षं. ५२८ मिनिटं. जवळजवळ नऊ तास दादा तुमच्या समोर बसला होता! लागली असती पन्नास मिनिटं. वेळ होता. तो तुम्ही एकशे बत्तीस वेळा तोच प्रश्न विचारण्यात घालवलात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २५ व्या कलमाने रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क दिला आहे. तुमच्या घरात कुणी असेल तर मागा. आधी 'असं देता येत नाही' म्हणतील, मग 'साहेब रजेवर आहेत' म्हणतील. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आम्ही तीन चकरा मारल्या आणि मिळवल्या. घरी जेवणाच्या टेबलावर पसरून दादा आणि मी एकेक पान वाचलं. उंची, वजन, रक्तदाब, गोळीचं नाव, मात्रा, सही. ए.एच. प्लस, ए.एच. प्लस, ए.एच. प्लस. दादा बोटाने ओळी चाचपत शेवटच्या पानापर्यंत गेला.

अकरा वर्षांच्या त्या कागदांत 'चोर' हा शब्द एकदाही नाही.